बॅक दाबलं आणि पानच गेलं

मोबाइलवर फोटो मोठा करून पाहायचा, पाहून झाला की सवयीनं बॅक दाबायचं, आणि फोटो मिटण्याऐवजी अख्खं पानच मागे जायचं. त्याबरोबर अर्धवट भरलेला फॉर्मही. वेबची ही जुनी खोड.

पानावर चौकटीत फोटो उघडायची टूम २००५च्या 'लाइटबॉक्स' या स्क्रिप्टनं फोफावली. संगणकावर अशी चौकट मिटवायला एस्केप होतं; डेव्हलपर २७ क्रमांकाच्या त्या कळीवर पाळत ठेवत. अँड्रॉइडवर लोक बॅक दाबत, पण ब्राउझरच्या लेखी बॅक म्हणजे मागचं पान. मग पळवाट निघाली. चौकट उघडताना 'पुशस्टेट' ही सोय वापरून हिस्टरीत एक खोटी नोंद घुसवायची. बॅक दाबल्यावर तीच खर्ची पडे. चौकट फुलीवर टिचकी मारून मिटवली, तर नोंद मात्र तशीच उरे आणि पुढचं बॅक फुकट जाई.

वाचकाला डांबून ठेवणाऱ्या साइट्सनाही ही युक्ती सापडलीच. वाचकानं पानाला हातही लावलेला नसताना घुसवलेल्या नोंदी २०१९मध्ये क्रोमची ७५वी आवृत्ती बॅक दाबल्यावर ओलांडून जाऊ लागली.

मधल्या काळात 'डायलॉग' हा तयार घटक आला होता: क्रोममध्ये २०१४ला, फायरफॉक्स आणि सफारीत थेट मार्च २०२२मध्ये. एस्केप त्याला कळे, अँड्रॉइडचं बॅक नाही.

तेव्हा गूगलमध्ये असलेले डोमेनिक डेनिकोला यांनी मांडलेल्या 'क्लोजवॉचर'नं प्रश्नच बदलला. कळ कुठली हे पानानं पाहूच नये. 'हे बंद कर' एवढी विनंती ब्राउझरनं पोचवावी, मग ती एस्केपनं आलेली असो की बॅकनं. शेवटी उघडलेली चौकट आधी मिटणार.

खरी मेख होती पानानं ही विनंती नाकारण्याच्या हक्कात. 'बदल जतन केलेले नाहीत, तरी बंद करू?' असं विचारणं रास्तच. पण तोच हक्क वापरून पान वाचकाला कायमचं अडवू शकलं असतं. म्हणून मध्ये वाचकानं पानावर काही केलं नसेल, तर विनंती अडवता येत नाही. सलग दुसऱ्यांदा बॅक दाबलं की चौकट मिटतेच.

डिसेंबर २०२३च्या क्रोम १२०मध्ये क्लोजवॉचर आलं, डायलॉगशी अनपेक्षित गुंता झाल्यानं बंद करावं लागलं आणि जून २०२४मध्ये क्रोम १२६मधून परतलं. मार्च २०२५च्या क्रोम १३४नं डायलॉगला 'क्लोज्डबाय' हा गुणधर्म दिला. त्यात 'एनी' लिहिलं की चौकटीबाहेर टिचकी मारूनही ती मिटते. 'नन' लिहिलं तर एस्केपनंही हलत नाही. बाहेर पडायचं बटण डेव्हलपरनंच ठेवायचं.