घरचा डबा नेण्यात कमीपणा कसला?



घरी पाहुणे आले की आपण पोराला नाक्यावर पिटाळतो, "जा रे, चहा घेऊन ये." पोरगा रिकाम्या हाताने जातो आणि पातळ पिशवीत उकळता चहा, वर दोऱ्याची गाठ, असा घेऊन येतो. सोबत कागदी कप. मिसळीचा रस्सा, इडलीचे सांबार, रविवारचे मटण, सगळे असेच घरात येते.

कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणूनच तो गळत नाही. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी 2020 साली हे तपासले. अशा कपात 100 मिलिलिटर गरम पाणी 15 मिनिटे राहिले, तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरतात. पदार्थ जितका गरम, तेलकट किंवा आंबट, तितके प्लॅस्टिकमधले घटक त्यात जास्त उतरतात. वडापाव, भजी ज्या वर्तमानपत्रात बांधून मिळतात, त्याची शाईही तेलाबरोबर पोटात जाते. अन्नसुरक्षेच्या 2018 च्या नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई केली आहे, तरी ते चालूच आहे.

यावर उपाय आपल्या फळीवरच आहे. स्टीलचा डबा आणि चहाची किटली. मग आपण त्या का नेत नाही?

बायका हळूच सांगतात, "ताई, डबा घेऊन हॉटेलात जायला कसेतरीच वाटते." या वाटण्यामागे इतिहास आहे. गावच्या हॉटेलात आपल्या आजोबा-पणजोबांसाठी वेगळी कपबशी असायची. ती बाहेर ठेवलेली, आपणच उचलायची, आपणच विसळायची. स्वतःचे भांडे ही तेव्हा विटाळाची खूण होती. बाबासाहेबांनी तो अपमान संपवण्यासाठी लढा दिला. संविधानाच्या कलम 15 ने हॉटेल-दुकानाचे दार सर्वांना उघडले, कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. आज आपण डबा नेतो तो कोणी आपल्याला दूर ठेवले म्हणून नव्हे, तर आपल्या लेकरांच्या पोटात काय जावे हे आपण ठरवतो म्हणून. मात्र एखाद्या हॉटेलात फक्त आपल्यालाच वेगळे भांडे मिळत असेल, तर ते आजही सहन करायचे नाही. या दोन गोष्टींत गल्लत नको.

दुसरी बाजूही पाहा. फेकलेली पिशवी जाते गटारात. मुंबईत 26 जुलै 2005 च्या महापुरात नाले तुंबायला या पिशव्यांनीही हातभार लावला. पाणी शिरते ते आपल्या सखल वस्त्यांत, आणि तुंबलेल्या गटारात हात घालणारा सफाई कामगार, कचरा वेचणारी बाई बहुधा आपल्यातलीच असते. त्याच पिशव्या चूल पेटवायला वापरल्या, तर विषारी धूर घरातल्या म्हाताऱ्यांच्या आणि बाळाच्या छातीत जातो.

डबा नेताना एवढे पाळा :

• डबा साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा. झाकणाच्या खाचेत जुने तेल राहते, तिथे घासणी फिरवा. रबराची रिंग असेल तर काढून धुवा.

• रश्शासाठी घट्ट झाकणाचा, सुक्यासाठी साधा, असे दोन डबे कापडी पिशवीत कायम तयार ठेवा.

• वजनावर घ्यायचे असेल तर आधी रिकामा डबा काट्यावर ठेवायला सांगा.

• हॉटेलवाल्याचा पळा डब्याला न टेकवता वरून वाढायला सांगा. मग तोही स्वच्छतेचे कारण सांगून नाही म्हणणार नाही.

• आणलेले अन्न दोन तासांच्या आत खा. डब्यात घातले म्हणून ते जास्त टिकत नाही.

• हॉटेलचे जुने प्लॅस्टिक डबे गरम जेवणाला पुन्हा वापरू नका. त्यांत सुई-दोरा, बटणे ठेवा.

शेवटी विहाराकडे वळू. 14 एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला आपण भोजनदान करतो आणि दुसऱ्या दिवशी विहाराबाहेर पत्रावळ्या-द्रोणांचा ढीग पडतो. महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटांवर 2018 पासून बंदी आहे. चकचकीत कागदी ताटालाही प्लॅस्टिकचाच मुलामा असतो. मंडळाने वर्गणीतून शंभर स्टीलची ताटे-वाट्या एकदा घ्याव्यात. त्या वस्तीतल्या बारशाला, लग्नालाही कामी येतील. धुण्यासाठी तीन टब पुरतात : पहिल्यात खरकटे काढायचे, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. मग ताटे उन्हात वाळवायची. आणि हे काम फक्त महिला मंडळाच्या गळ्यात घालू नका. मिरवणुकीत नाचणारे हात ताटेही घासू शकतात. समता तिथेही दिसली पाहिजे.

बौद्ध भिक्खूच्या मोजक्या वस्तूंत एक पात्र असते. तेच रोज धुवायचे, तेच रोज वापरायचे. आपल्या धम्मात ही शिस्त पहिल्यापासून आहे. उद्या नाक्यावर जाणाऱ्या पोराच्या हातात किटली द्या.