रंगमंचावरील नर्तकी आणि ऐतिहासिक कादंबरी



ऐतिहासिक कादंबरी म्हटली की आपल्यासमोर राजे, सेनापती आणि मुत्सद्दी उभे राहतात. त्यांच्याविषयी बखरी असतात, पत्रव्यवहार असतो, दप्तरे असतात. पुष्कळदा त्यांच्या स्वतःच्या हातची किंवा त्यांनी सांगून लिहविलेली पत्रेही मिळतात. नृत्य हा व्यवसाय म्हणून पत्करलेल्या स्त्रीची स्थिती निराळी आहे. तिच्याविषयी कागद नसतात असे नाही. मात्र त्यांपैकी तिने लिहिलेला कागद सहसा सापडत नाही. पगाराची नोंद, गैरहजेरीचा दंड, पोलिसांचा अहवाल, वृत्तपत्रातील शेरा हे सारे तिच्यावर अधिकार गाजविणाऱ्यांनी अथवा तिची पारख करणाऱ्यांनी लिहिलेले असते. अशा परक्या कागदांतून कादंबरीकार तिचा आवाज कसा घडवितो, हा या घटकापुढील प्रश्न आहे. त्यासाठी आपण पॅरिसमधील एक उदाहरण घेऊ. तेथील नोंदी बऱ्याच प्रमाणात टिकल्यामुळे कागद कोठे संपतो आणि कल्पना कोठे सुरू होते, हे तेथे स्पष्ट दिसते.

कॅनडातील लेखिका कॅथी मरी ब्युकॅनन यांची ‘द पेंटेड गर्ल्स’ ही कादंबरी २०१३ मध्ये प्रकाशित झाली. तिच्या केंद्रस्थानी मारी व्हान गोएथेम ही खरोखर होऊन गेलेली मुलगी आहे. १८६५ मध्ये जन्मलेली मारी बेल्जियममधून आलेल्या गरीब कुटुंबातील होती. वडील शिंपी होते आणि त्यांच्या मृत्यूनंतर आईच्या धुलाईकामावर घर चाले. मारी आणि तिची धाकटी बहीण पॅरिस ऑपेराच्या नृत्यशाळेत दाखल झाल्या. तेथे शिकणाऱ्या लहान मुलींना ‘छोटे उंदीर’ अशा अर्थाचे टोपणनाव होते. मुलींना मिळणारे पैसे तुटपुंजे असत. ऑपेराचे श्रीमंत वर्गणीदार पुरुष रंगमंचामागील दालनात मोकळेपणाने येत, मुली हेरत आणि ‘आश्रय’ देऊ करीत. म्हणजे नृत्याचे शिक्षण ही गरिबीतून वर जाण्याची शिडी होती आणि त्याच शिडीच्या प्रत्येक पायरीवर एखादा गिऱ्हाईक उभा होता. आपल्याकडील तमाशातील दौलतजादा आठवणाऱ्या वाचकाला ही व्यवस्था अनोळखी वाटणार नाही. पण दोन्हींचे सामाजिक संदर्भ वेगळे आहेत, हे लक्षात ठेवावे.

चित्रकार एदगार देगा याने मारीला समोर उभे करून चौदा वर्षांच्या नर्तकीचा मेणाचा पुतळा घडविला आणि १८८१ च्या प्रदर्शनात तो मांडला. उंची सुमारे एक मीटर, अंगावर खरी चोळी आणि खरा झगा, डोक्यावर केसांचा टोप, पायांत नृत्याचे जोडे! आज जगभरच्या संग्रहालयांत या पुतळ्याच्या कांस्यप्रती लोक कौतुकाने पाहतात. त्या वेळच्या अनेक टीकाकारांना मात्र त्या चेहऱ्यात माकड दिसले, दुर्गुण दिसले. इटालियन वैद्य चेझारे लोंब्रोसो याने १८७६ मध्ये मांडलेली, गुन्हेगारी वृत्ती जन्मजात असते आणि ती चेहरेपट्टीवरून ओळखता येते ही कल्पना तेव्हा हवेत होती. देगाने त्याच प्रदर्शनात खुनाच्या खटल्यात शिक्षा झालेल्या एमिल अबादी या तरुणाचेही चित्र ठेवले होते. एक मुलगी आणि एक खुनी एकाच प्रदर्शनात होते, आणि दोघांकडे एकाच नजरेने पाहिले जात होते.

ब्युकॅनन यांनी या योगायोगावर कथानक उभे केले. मारीची थोरली बहीण आंत्वानेत हिची नाट्यगृहात अबादीशी गाठ पडते आणि ती त्याच्या प्रेमात सापडते, असे त्या दाखवितात. प्रत्यक्षात या दोघांची भेट झाल्याचा पुरावा नाही. येथे पुष्कळ विद्यार्थी ‘इतिहासाचा विपर्यास’ असा शेरा मारून मोकळे होतात. त्याने काम भागत नाही. कल्पित प्रसंग कोणाची नजर बळकट करतो, हे विचारावे लागते. माझ्या मते येथे लेखिकेने मोठी जोखीम पत्करली आहे. नर्तकीच्या घरात खुनी आणून बसविला की टीकाकारांचा संशय खरा ठरण्याचा धोका निर्माण होतो. ही जोखीम पेलली जाते ती निवेदनामुळे. मारी आणि आंत्वानेत आलटून पालटून प्रथमपुरुषी निवेदन करतात. मारी वाचणारी मुलगी आहे. चेहऱ्यावरून माणसाचा स्वभाव ठरतो हे ती वाचते आणि स्वतःचे कपाळ, स्वतःचा जबडा चाचपून पाहू लागते. कागदात जो निवाडा बाहेरून आला होता, तो येथे मुलीच्या मनावर कोणता घाव घालतो ते दिसते. आंत्वानेतची भाषा अधिक रांगडी आहे. दोघींची बोली वेगळी ठेवल्यामुळे ‘नर्तकी’ हा एकजिनसी नमुना उरत नाही. दोन स्वभाव उरतात.

नोंदींनुसार १८८२ मध्ये मारीला ऑपेरातून काढण्यात आले आणि त्यानंतर तिचा माग लागत नाही. धाकटी बहीण मात्र तेथेच टिकली आणि पुढे नृत्यशिक्षिका झाली. एकाच घरातून, एकाच शाळेतून दोन वाटा निघाल्या. सगळ्या नर्तकींची कथा अधःपाताचीच असते या समजाला हा एवढा तपशील पुरेसे उत्तर आहे. कादंबरी मारीच्या मौनापाशी थांबत नाही. तिच्या पुढच्या आयुष्याची ती कल्पना करते. येथे कागद अजिबात नाही, म्हणून लेखिकेची जबाबदारी कमी होते की वाढते, यावर आपण विचार करावा.

आता भाषेकडे वळू. ‘छोटे उंदीर’ या टोपणनावाप्रमाणे मराठीतही नाचणाऱ्या स्त्रीसाठी शब्दांची मोठी उतरंड आहे. ‘कलावंतीण’ या शब्दाचा मूळ अर्थ कला जाणणारी. व्यवहारात त्याला हीन छटा चिकटली. भाषाविज्ञानात याला अर्थापकर्ष म्हणतात. पुल्लिंगी ‘कलावंत’ हा शब्द मात्र सन्मानाचाच राहिला. ‘नृत्यांगना’ म्हटले की सभागृह आणि पुष्पगुच्छ आठवतात, ‘नाची’ म्हटले की शिट्ट्या. तमाशात एके काळी स्त्रीभूमिका नाच्या पोऱ्या करीत असे. पवळा हिवरगावकर हिचे नाव तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून घेतले जाते. तिच्यावर कादंबरी लिहावयाची झाल्यास निवेदक तिला काय म्हणेल, हाच पहिला प्रश्न असेल. आजचा आदरयुक्त शब्द वापरला तर काळाचा खरेपणा जातो. त्या काळचा शब्द निवेदकाच्या तोंडी घातला तर लेखक त्या काळच्या अवहेलनेत सामील होतो. जुना शब्द पात्रांच्या तोंडी ठेवावा आणि निवेदकाने तिला नावाने संबोधावे, ही मध्यममार्गी तोड अनेकदा उपयोगी पडते.

स्वाध्यायासाठी अण्णा भाऊ साठे यांची ‘वैजयंता’ ही कादंबरी घ्यावी. ती ऐतिहासिक कादंबरी नव्हे, लेखकाने आपल्याच काळातील तमाशाचे जग तीत रंगविले आहे. पण शीर्षकातच नायिकेचे नाव आहे. तिच्यातील कोणतेही एक प्रकरण निवडून नायिकेसाठी आलेला प्रत्येक शब्द वहीत उतरवावा. तो कोणी उच्चारला, तिच्या समोर की तिच्या पाठीमागे, आणि त्या वेळी ती काय करीत होती, हे त्यापुढे लिहावे.