पाणी शोधताना

1864 साली इलिनॉय राज्यातल्या एका शेतावर विल्यम हेनेबेरी विहीर खणत होता. हवे होते पाणी, लागला कोळसा. शिकागोच्या नैर्ऋत्येला साठेक मैलांवरच्या ब्रेडवूड शहराचा जन्म असा झाला. पुढची दीडशे वर्षे कोळसा आणि पाणी यांनी या गावाची पाठ सोडलेली नाही, आणि दोघांत पाणीच जास्त चिवट निघाले.

शिकागो तेव्हा झपाट्याने वाढत होते. कारखान्यांना, रेल्वेला, घरोघरच्या शेगड्यांना कोळसा हवा होता आणि इथे तो रुळांच्या कडेलाच होता. जेम्स ब्रेडवूड या स्कॉटिश जाणकाराने खाणींची घडी बसवून दिली, गावाला नावही त्याचेच मिळाले. स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स, बोहेमिया, इटली अशा ठिकाणांहून माणसे आली. 1873 मध्ये शहराचा दर्जा मिळाला आणि 1880 च्या शिरगणतीत वस्ती साडेपाच हजारांवर गेली. शहर म्हणायचे ते दर्जापुरते. खरे गाव जमिनीखाली होते आणि वरती होती ती त्याची झोपायची जागा.

कोळशाचा थर जेमतेम तीन फूट जाडीचा. उभे राहणे सोडाच, नीट बसताही येत नसे. खाणकामगार कुशीवर आडवा होऊन थराच्या बुडाशी खाच पाडायचा, मग वरचा कोळसा स्वतःच्या वजनाने खाली यायचा. काम पुढे सरकेल तसे मागचे छत टेकूंसकट हळूहळू बसू द्यायचे, अशी ही पद्धत. कोळसा जवळजवळ सगळा निघायचा, पण वरची जमीनही खचायची आणि सपाट माळावर उथळ खळगे पडायचे. त्या खळग्यांत पावसाचे पाणी साचे. तेव्हा त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

1877 मध्ये मजुरीत कपात झाली आणि संप पेटला. कंपनीने दक्षिणेकडून कृष्णवर्णीय मजूर आणले. संपकऱ्यांनी त्यांना गावाबाहेर काढले, तेव्हा गव्हर्नरने सैन्य पाठवले आणि बंदुकांच्या पहाऱ्यात ते मजूर परत आले. गंमत अशी की त्या वेळचा महापौर डॅनियल मॅकलॉक्लिन हा स्वतः खाणकामगारांचा पुढारी होता. नगरपालिका कामगारांची आणि खाण कंपनीची, असा सामना होता. तो कंपनीने जिंकला. आणलेल्या मजुरांपैकी अनेकजण इथेच राहिले आणि गावाला आणखी एक वस्ती मिळाली. उपाशी माणसासमोर दुसरा उपाशी माणूस उभा करायचा ही मालकांची युक्ती जुनीच. ब्रेडवूडमध्ये ती फार उघडपणे वापरली गेली, इतकेच.

16 फेब्रुवारी 1883. त्या हिवाळ्यात बर्फ भरपूर पडले होते. मग ते वितळू लागले, त्यात पाऊस झाला आणि माळाचे तळे झाले. गावाजवळच्या डायमंड खाणीच्या वर एका ठिकाणी जमीन फाटली आणि ते तळे खाली उतरले. पाणी आल्याची हाक फिरेपर्यंत सखल वाटा भरून गेल्या होत्या. जे शाफ्टच्या, म्हणजे वर जाणाऱ्या उभ्या वाटेच्या, जवळ होते ते कमरेइतक्या पाण्यातून बाहेर पडले. सत्तरच्या आसपास माणसे आतच राहिली, त्यांत कोवळी पोरेही होती. बरेच दिवस पाणी उपसून काही प्रेते वर काढली. उरलेली निघणार नाहीत हे कळल्यावर खाण बंद केली, आणि तीच त्यांची कबर झाली.

त्या दिवशी ब्रेडवूडमध्ये एक नऊ वर्षांचा बोहेमियन मुलगा राहत होता. अँटन सर्मॅक. तोही पुढे खाणीत उतरला, नंतर शिकागोला गेला आणि 1931 मध्ये त्या महानगराचा महापौर झाला. 15 फेब्रुवारी 1933 रोजी मायामीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर झाडलेली गोळी त्याला लागली आणि त्यातच त्याचा अंत झाला. डायमंडच्या दुर्घटनेला पन्नास वर्षे व्हायला एकच दिवस उरला होता. जॉन मिचेलही इथलाच, 1870 चा जन्म. पोरवयात अनाथ झाला, बाराव्या वर्षाच्या सुमारास खाणीत गेला, आणि 1898 ते 1908 अमेरिकेतल्या खाणकामगारांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचा अध्यक्ष राहिला. गावाची चांगली पिके अशी बाहेरच विकली गेली.

गावाच्या वाट्याला मात्र ओहोटी आली. थर संपत चालले, कंपन्यांनी दुसरीकडे शाफ्ट पाडले आणि 1920 पर्यंत वस्ती तेराशेवर आली. 1920 च्या दशकाच्या अखेरीस अवाढव्य यांत्रिक फावडी आली. आता खाली उतरायची गरज नव्हती, वरची माती-दगडच उचलून बाजूला टाकायचे. विदर्भात ज्याला ओपनकास्ट म्हणतात तेच. हजारो एकर शेतजमिनीचे मातीचे वरंबे आणि खड्डे झाले, आणि खड्ड्यांत अर्थातच पाणी भरले. रूट 66 हा महामार्ग गावातून जात होता म्हणून थोडी वर्दळ राहिली. 1956 मध्ये ठिपकेदार रंगवलेल्या एका बसमध्ये सुरू झालेले पोल्का डॉट हे खाण्याचे ठिकाण त्या काळाची आठवण.

मग त्याच खड्ड्यांवर अणुऊर्जा केंद्राची नजर गेली. अणुभट्टीला थंड करायला अफाट पाणी लागते, आणि जुन्या ओपनकास्टच्या जागेवर अडीच हजार एकरांहून मोठे तळे करता आले. दोन्ही भट्ट्या 1988 मध्ये सुरू झाल्या. कोळशाने खणलेली जागा कोळशाच्या प्रतिस्पर्ध्याला आयती मिळाली. नोकऱ्या आल्या, कर आला. सन 2000 नंतर केव्हातरी वस्तीने 1880 चा आकडा ओलांडला. म्हणजे मूळ मापाला परत यायला गावाला सव्वाशे वर्षे लागली. पण 2005-06 मध्ये केंद्राच्या पाइपलाइनमधून किरणोत्सारी ट्रिटियम असलेले पाणी जमिनीत मुरल्याचे उघड झाले, आणि आसपासचे लोक आपल्या विहिरींकडे संशयाने पाहू लागले. ज्या गावाची गोष्ट विहिरीपासून सुरू झाली त्या गावात.

ओपनकास्टने बाजूला टाकलेल्या मातीच्या ढिगांत आणखी एक गोष्ट निघाली. कोळशावरच्या मातकट खडकात गोटे असतात, आणि त्यांच्या पोटात तीस कोटी वर्षांपूर्वीची नेच्याची पाने, किडे, जेलीफिश. खाणवाल्यांनी कचरा म्हणून फेकलेल्या या मालावर आज जगभरचे जीवाश्म-अभ्यासक जीव टाकतात. 1950 च्या दशकात फ्रान्सिस टली या हौशी संग्राहकाला इथल्या परिसरात असा प्राणी सापडला की तो नेमका कोणत्या कुळातला, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. 1989 मध्ये इलिनॉयने त्याला राज्य-जीवाश्म केले.

हातोडीने गोटा फोडला तर आतले पान चुरडते. म्हणून इथले शौकीन गोटे पाण्याच्या बादलीत भिजवतात, बादली गोठवतात, वितळू देतात, पुन्हा गोठवतात. कधी आठवडे, कधी महिने. फटीत शिरलेले पाणी फुगत जाते आणि एके दिवशी दगड आपोआप दोन शकलांत उघडतो. बहुतेक गोटे रिकामे निघतात.