‘रन’ म्हणजे नुसतं पळणं? छे!

शाळेत पहिल्या काही शब्दांतच भेटलेलं हे चिमुकलं इंग्रजी क्रियापद. पण त्याचा पसारा पाहाल, तर थक्क व्हाल!

तब्बल ६४५ अर्थ!
ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे पीटर गिलिव्हर या एकाच क्रियापदावर सुमारे नऊ महिने खपले. २०११ मध्ये आकडा जाहीर झाला : ६४५ अर्थ.

आधीचा मानकरी ‘सेट’
१९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती. सुमारे ४३० अर्थ आणि जवळपास ६०,००० शब्द! एवढ्यात एक छोटी कादंबरी होते.

यंत्रांनी दिला वेग
नदी आणि घोडा आधीपासून ‘रन’ करतच होते. औद्योगिक क्रांती आली आणि गिरण्या, आगगाड्या, मोटारीही करू लागल्या. मग कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम आले. नवं यंत्र आलं, की ‘रन’ला नवं काम!

धावांच्या आधी खाचा
क्रिकेटमधली धाव म्हणजेही ‘रन’च. पण क्रिकेटच्या सुरुवातीच्या काळात गुणलेखक काठीवर खाचा पाडून धावा मोजत. म्हणून तेव्हा धावेला ‘नॉच’, म्हणजे खाच, म्हणत.

एकाची धाव, दुसऱ्याचं उभं राहणं
निवडणुकीसाठी अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमधला आपल्यासारखाच ‘उभा’ राहतो. पायमोज्याचा धागा उसवून उभी रेघ पडली, तर अमेरिकेत तिला ‘रन’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘लॅडर’, म्हणजे शिडी.

बँकेवर ‘रन’
घाबरलेले ठेवीदार एकदम पैसे काढायला धावतात, तो ‘बँक रन’. २००७ मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर अशाच रांगा लागल्या होत्या.

जोडीदार बदला, अर्थ बदला
‘आउट’ जोडलं की साखर संपते आणि फलंदाज धावबाद होतो. ‘इंटू’ जोडलं की जुना मित्र अचानक भेटतो. ‘ओव्हर’ जोडलं, तर मात्र कुणी गाडीखाली येतं!

आपलं ‘लागणे’ काय कमी आहे?
भूक लागते, ठेच लागते, नाद लागतो, दिवा लागतो, निकाल लागतो, घाट लागतो. एवढा भार हे एकटं क्रियापद हसत पेलतं. म्हणून नवी भाषा शिकताना भारदस्त शब्दांच्या मागे नंतर लागा. आधी अशी छोटी क्रियापदं त्यांच्या जोडीदारांसकट पक्की करा. रोजचं बोलणं त्यांच्याच जोरावर चालतं!