उंच गाडी आणि बिकट वाटेची गाडी

उंच बांध्याची आणि रुंद टायरांची प्रत्येक एसयूव्ही बिकट वाटेवर चालण्यास समर्थ असते, असा समज सर्रास आढळतो. परंतु बाजारातील अशा बहुसंख्य गाड्यांमध्ये इंजिनाची शक्ती केवळ दोनच चाकांना मिळते आणि ती चाके चिखलात घसरू लागली की निव्वळ उंची फारशी उपयोगी पडत नाही. खरे महत्त्व असते ते फोर-व्हील ड्राइव्हला (चारही चाकांना शक्ती पुरवणारी रचना) आणि तिच्या जोडीच्या लो-रेंज गिअरला (वेग घटवून चाकांवरील पिळाचे बळ वाढवणारी योजना). घाट चढताना सायकलस्वार हलका गिअर टाकून सावकाश, पण कमी जोरात वर जातो, तसेच येथे घडते.

2023 मध्ये भारतात विक्रीस आलेल्या मारुती जिम्नीत या दोन्ही सोयी असून तिचा तळ जमिनीपासून 210 मिलिमीटर उंच आहे. महिंद्रा थार मात्र त्याच वर्षापासून केवळ मागील चाकांवर चालणाऱ्या, तुलनेने स्वस्त प्रकारातही मिळू लागल्याने नावावर विसंबून चालत नाही. अर्थात, ज्याला वर्षातून मोजकेच दिवस शेतरस्त्याने जावे लागते, त्याला चांगल्या टायरांची दोन चाकांवर चालणारी गाडीही पुरते, आणि वाचलेला पैसा देखभालीस उपयोगी पडतो. मारुतीचीच जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी जिप्सी घेणाऱ्याने रंगापेक्षा चासीचा (गाडीचा लोखंडी सांगाडा) गंज आधी तपासावा, आणि लो-रेंज गिअर प्रत्यक्ष टाकून, गाडी चालवून पाहावी.