जयपूर दर्शन : कोणत्या जादा तिकिटाचे पैसे वसूल होतात?

जयपूर : राजस्थानच्या राजधानीत पोहोचलेल्या पर्यटकासमोर पहिल्याच दिवशी एक प्रश्न उभा राहतो. प्रवेश तिकीट तर घ्यायचेच. पण त्याशिवाय संयुक्त तिकीट, गाइड, हत्तीवरील सफर, जीप, ध्वनिप्रकाश कार्यक्रम आणि राजवाड्यातील खास दालनांची सफर यांपैकी काय घ्यावे आणि काय सोडावे? सुटी पाहिली तर प्रत्येक बाब किरकोळ वाटते. चौघांच्या कुटुंबासाठी बेरीज केली, की ती मूळ प्रवेश शुल्काच्या कितीतरी पट होते.

मुंबईहून समुद्रपर्यटनास जाणाऱ्यांना हा प्रकार परिचित आहे. जहाजाच्या भाड्यात खोली आणि जेवण येते. पेये, इंटरनेट आणि किनाऱ्यावरील सहलींचे पैसे मात्र निराळे मोजावे लागतात. जयपूरमध्येही निर्णयाचे निकष तेच आहेत. मागितलेली गोष्ट मूळ तिकिटात आधीच मिळते का? पैसे भरल्याने वेळ किंवा श्रम वाचतात का, अथवा समोर दिसणाऱ्या वास्तूची समज वाढते का? आणि आपल्या दोन दिवसांच्या कार्यक्रमात ती बसते का?

संयुक्त तिकीट : आधी बेरीज, मग खरेदी

राज्याच्या पुरातत्त्व व संग्रहालय विभागाचे संयुक्त तिकीट दोन दिवस चालते. त्यात आमेर किल्ला, नाहरगड, हवामहल, जंतरमंतर, अल्बर्ट हॉल संग्रहालय, सिसोदिया राणी बाग, विद्याधर बाग आणि ईसरलाट या आठ स्थळांचा समावेश आहे. अनेक वर्षे लागू असलेल्या दरपत्रकात भारतीय पर्यटकासाठी या तिकिटाची किंमत ३०० रुपये होती. त्याच दरपत्रकात आमेरचे प्रवेश शुल्क १०० रुपये, हवामहल, जंतरमंतर व नाहरगडचे प्रत्येकी ५० रुपये आणि अल्बर्ट हॉलचे ४० रुपये होते. म्हणजे पाचही प्रमुख स्थळे सुट्या तिकिटांवर पाहिली तरी खर्च २९० रुपये होतो. सहावे स्थळ पाहिल्याशिवाय भारतीय पर्यटकाला संयुक्त तिकीट परवडत नाही.

बहुतेक कुटुंबे आमेर, हवामहल आणि जंतरमंतर ही तीनच स्थळे आतून पाहतात. त्यांचा सुटा खर्च माणशी २०० रुपये, चौघांचा ८०० रुपये. संयुक्त तिकिटाचे १,२०० रुपये भरले तर ४०० रुपये विनाकारण जातात. परदेशी पर्यटकाचे गणित याच्या उलट आहे. त्याच दरपत्रकात त्याला पाच स्थळांसाठी सुटे १,४०० रुपये पडत आणि संयुक्त तिकीट मात्र १,००० रुपयांना मिळे. त्यामुळे सोबत परदेशी पाहुणे असतील, तर त्यांच्यासाठी संयुक्त आणि स्वतःसाठी सुटी तिकिटे घेणे सयुक्तिक ठरते. दर बदलत राहतात. हिशेबाची रीत बदलत नाही. विद्यार्थ्यांना ओळखपत्र दाखवल्यास सवलत मिळते, ही बाबही अनेकांच्या लक्षात राहत नाही.

मराठी पर्यटकाने सहाव्या स्थळाचा विचार करायचा झाल्यास ईसरलाट पाहण्यासारखी आहे. १७४७ मधील राजमहलच्या लढाईतील विजयाचे स्मारक म्हणून सवाई ईश्वरीसिंह यांनी १७४९ मध्ये हा सात मजली मनोरा उभारला. त्या लढाईत त्यांचे बंधू माधोसिंह यांच्या बाजूने मराठी फौजही उतरली होती. पुढे मराठ्यांच्या खंडणीच्या तगाद्याने हतबल झालेल्या ईश्वरीसिंहांनी डिसेंबर १७५० मध्ये आत्महत्या केली. शहराच्या मध्यभागी असूनही या मनोऱ्याकडे फारसे पर्यटक वळत नाहीत.

सिटी पॅलेस आणि जयगड : वेगळे व्यवस्थापन, वेगळे तिकीट

सिटी पॅलेस आणि जयगड ही दोन्ही स्थळे राजघराण्याशी संबंधित न्यासांकडे आहेत. तेथे संयुक्त तिकीट चालत नाही. ही बाब दारात गेल्यावर कळते आणि अंदाजपत्रक कोलमडते. सिटी पॅलेसमध्ये साधे संग्रहालय तिकीट आणि चंद्रमहालातील दालने दाखवणारी खास सफर असे दोन प्रकार आहेत. खास सफरीला माणशी काही हजार रुपये पडतात. साध्या तिकिटात मुबारक महाल, सर्वतोभद्र ही सभेची वास्तू आणि चार ऋतूंच्या दरवाजांचा प्रीतम निवास चौक पाहता येतो. पर्यटकांच्या छायाचित्रांत सर्वाधिक दिसणारा मोराचा दरवाजा याच चौकात आहे. राजवाड्यांच्या अंतर्गत सजावटीची विशेष आवड असलेल्यांनी खास सफर घ्यावी. इतरांना साधे तिकीट पुरेसे आहे.

सर्वतोभद्रमध्ये चांदीचे दोन प्रचंड रांजण ठेवलेले आहेत. त्यांची नोंद गिनीज बुकात आहे. सातवे एडवर्ड यांच्या राज्याभिषेकासाठी १९०२ मध्ये सवाई माधोसिंह द्वितीय इंग्लंडला निघाले, तेव्हा समुद्रोल्लंघनाने धर्म बाटू नये म्हणून त्यांनी मुंबईहून ‘ऑलिंपिया’ हे अख्खे जहाज भाड्याने घेतले, त्यावर देवघर उभारले आणि या रांजणांतून गंगाजल सोबत नेले. जहाजावरील जादा सोयींचा याहून खर्चिक नमुना सापडणे कठीण. तो पाहण्यासाठी मात्र साधे तिकीट पुरते.

गाइड : सर्वत्र नव्हे, पण जंतरमंतरला अवश्य

जादा खर्चांपैकी सर्वाधिक परतावा गाइडच्या शुल्कातून मिळतो, मात्र तो स्थळानुसार बदलतो. हवामहलचा ९५३ खिडक्यांचा दर्शनी भाग रस्त्यावरून विनामूल्य दिसतो. आत फिरण्यास माहितीफलक पुरेसे आहेत. जंतरमंतरची गोष्ट वेगळी आहे. युनेस्कोने २०१० मध्ये जागतिक वारसा म्हणून गौरवलेली ही वेधशाळा जाणकाराच्या मदतीशिवाय नुसत्या जिन्यांचा आणि भिंतींचा समूह वाटते. सुमारे २७ मीटर उंचीच्या सम्राट यंत्राची सावली एका सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. यंत्रावरील वेळ मनगटी घड्याळाशी जुळत नाही, कारण जयपूर प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस आहे. हा फरक सरासरी सुमारे २७ मिनिटांचा असतो. तो कसा काढायचा हे कोणी उभे राहून दाखवले, की मुलेही रमतात. मात्र सावलीसाठी ऊन हवे. ढगाळ दिवशी किंवा सूर्य मावळतीला असताना गाइड घेऊनही निम्मा उपयोग होत नाही.

मान्यताप्राप्त गाइडकडे पर्यटन विभागाचे ओळखपत्र असते. ते पाहून, शुल्क आणि वेळ आधी ठरवूनच निघावे. अत्यल्प दरात ‘संपूर्ण जयपूर’ दाखवण्याची तयारी दाखवणाऱ्याचे उत्पन्न बहुधा दुकानांच्या दलालीतून येते. अशा सहलीत वाचलेले पैसे रत्ने, रजया आणि साड्यांच्या दुकानांत खर्ची पडतात. दोन-तीन तास जातात ते वेगळेच.

आमेरची चढण : हत्ती, जीप की पायवाट

आमेरच्या पायथ्यापासून जलेब चौकापर्यंतची चढण पायी दहा-पंधरा मिनिटांची आहे. हत्तीवरून जाण्याचे दोन प्रवाशांचे शुल्क २०२४ मध्ये १,१०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्यात आले, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. हे दर नंतरही बदलू शकतात, त्यामुळे तिकीट खिडकीवरील फलक पाहावा. या शुल्कात किल्ल्याचा प्रवेश नसतो आणि ही सेवा सकाळच्या ठरावीक वेळेतच मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये येथे एका हत्तिणीने रशियन महिला पर्यटकास सोंडेत धरून आपटल्याने ती जखमी झाली. बंदिवान हत्तींना दिवसभर चढ-उतार करायला लावण्यास प्राणिमित्र संघटनांचा विरोध कायम आहे. सुरक्षितता, प्राण्याचे हाल आणि खर्च या तिन्ही कसोट्यांवर ही सफर उतरत नाही.

गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी मात्र जीपचे भाडे योग्य खर्च आहे, कारण किल्ल्याच्या आतही बराच वेळ चालायचे आणि पायऱ्या चढायच्या असतात. संध्याकाळी मावठा तलावालगत केसरक्यारी परिसरात होणाऱ्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाचे तिकीट वेगळे असते. अमिताभ बच्चन यांच्या निवेदनातील हा कार्यक्रम मुक्काम आमेरजवळ असल्यास किंवा परतीचे वाहन आधी ठरलेले असल्यास घ्यावा. दिवसाचे प्रवेश तिकीट रात्रीच्या पर्यटनास चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

रुळांवरील क्रूझ

जयपूरला आलिशान रेल्वेने येणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. २६ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेली ‘पॅलेस ऑन व्हील्स’ दिल्लीहून निघून सात रात्रींच्या प्रवासात राजस्थान आणि आग्रा दाखवते. महाराष्ट्राची ‘डेक्कन ओडिसी’ २००४ मध्ये त्याच धर्तीवर धावू लागली. ‘पॅलेस ऑन व्हील्स’च्या भाड्यात भोजन, स्थळदर्शन आणि प्रवेश शुल्क असते, मद्य, कपडे धुलाई आणि बक्षिसी नसते. वरच्या श्रेणीच्या खोलीसाठी बरीच जादा रक्कम लागते. मात्र दिवसाचा मोठा भाग गाडीबाहेर जातो आणि स्थळदर्शन दोन्ही श्रेणींना सारखेच असते. खोलीत किती तास घालवणार, हे मोजूनच श्रेणी निवडावी.

प्रवासाला निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर चालू दर पाहून पाहायच्या स्थळांची यादी लिहिली, तर बहुतेक निर्णय घरीच होतात. मर्यादित खर्चात आधी जंतरमंतरचा गाइड, मग ज्येष्ठांसाठी जीप, त्यानंतर आमेरचा संध्याकाळचा कार्यक्रम असा क्रम ठेवता येईल. संयुक्त तिकीट सहा स्थळे पाहणाऱ्यांनीच घ्यावे.