पायात रुतणारा सराटा

दोंडाईच्याच्या आसपासच्या मुरमाड माळावर अनवाणी चालणाऱ्या मुलाला सराटा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पायात रुतला की ओळख पटते. सायकलचे पंक्चर काढणाऱ्यालाही तो चांगला परिचित असतो. रुतलेला काटा काढून आपण त्रासून दूर भिरकावतो आणि नकळत त्या वनस्पतीचेच काम करतो. कारण आपण ज्याला काटा म्हणतो, ते तिचे फळ असते.

सराटा म्हणजेच गोखरू. शास्त्रीय नाव ट्रायब्युलस टेरेस्ट्रिस, कुल झायगोफायलेसी. घोडदळाच्या वाटेवर पूर्वी लोखंडी काटे टाकत. ते कसेही पडले तरी एक टोक वर राहत असे. अशा काट्यांच्या लॅटिन नावावरून ‘ट्रायब्युलस’ हे नाव आले. संस्कृतातील त्रिकंटक, श्वदंष्ट्रा (कुत्र्याचा दात) ही नावेही फळाच्या रूपावरूनच पडली आहेत.

पहिल्या पावसानंतर माळावर हे वर्षायू रोपटे उगवते. एका मुळापासून निघालेल्या फांद्या जमिनीसरशी चोहीकडे पसरतात. पाने समोरासमोर, संयुक्त, साधारण चार ते आठ पर्णिकाजोड्यांची. एका पेऱ्यावरची दोन पाने मात्र सारखी नसतात, एक मोठे तर दुसरे लहान असते. पानांवर बारीक रुपेरी लव असते. फुले पिवळी, पाच पाकळ्यांची, पानांच्या बगलेत एकेकटी येतात. ती पाहायची तर सकाळीच जावे.

खानदेशच्या या पट्ट्यात पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. एक सर येते, मग पंधरा-पंधरा दिवस उघडीप. अशा ठिकाणी सराट्याला तीन गोष्टी उपयोगी पडतात. मूळ खोल जाते. ज्वारी-बाजरीप्रमाणे तो ‘सी-४’ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतो, त्यामुळे कडक उन्हात थोड्या पाण्यावर अन्न तयार होते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्याचे फळ.

फळ पिकले की त्याचे पाच फाके सुटे होतात. प्रत्येक फाक्यावर दोन लांब व दोन आखूड काटे असतात आणि आत टणक भिंतींनी वेगळ्या केलेल्या कप्प्यांत दोन ते चार, क्वचित पाच बिया. यांतली सर्वांत मोठी बी सहसा आधी रुजते. बाकीच्या मागे राहतात व पुढे कधीतरी रुजतात. पहिल्या सरीने फसवले आणि रोप वाळले, तरी सगळे बियाणे वाया जात नाही. दुबार पेरणीचे बियाणे जणू त्याच फळात राखून ठेवलेले असते.

आयुर्वेदात हेच फळ औषध म्हणून वापरतात. दशमुळांतील लघुपंचमुळात सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी यांच्याबरोबर गोखरूचे स्थान आहे. मूत्रविकारांवर ते परंपरेने दिले जाते. गोक्षुरादि गुग्गुळ अनेकांनी ऐकलेला असेल. फळात स्टेरॉइडी सॅपोनिने आढळतात. शरीरसौष्ठवाच्या गोळ्यांच्या जाहिराती याच सॅपोनिनांचा हवाला देतात. पण 2007 साली प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियातील रग्बी खेळाडूंवरील पाच आठवड्यांच्या चाचणीत गोखरूचा अर्क घेणाऱ्यांची ताकद न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली नाही.

‘झाडपाला आहे, अपाय काय होणार?’ असे आपण सहज म्हणतो. 2010 साली एका वैद्यकीय नियतकालिकात इराणमधील एका निरोगी तरुणाची हकीकत आली. मुतखडा होऊ नये म्हणून त्याने दोन दिवस रोज सुमारे दोन लिटर गोखरूचे पाणी प्यायले. त्याला झटके आले, मूत्रपिंडे व यकृत यांना इजा झाली. एका रुग्णावरून सार्वत्रिक निष्कर्ष काढता येत नाही. पण मूत्रविकारांवरचे औषधही मनाने, वाटेल त्या प्रमाणात घेऊ नये, एवढा धडा त्यातून नक्की घेता येतो.

दुसरी अडचण नावाची. बाजारात ‘मोठे गोखरू’ नावाने मिळणारे फळ पेडालियम म्युरेक्स या तिळाच्या कुलातील वेगळ्या वनस्पतीचे असते. त्याचे फळ चौधारी, फाके न होणारे. तिची ताजी पाने पाण्यात ढवळली तर पाणी बुळबुळीत होते. म्हणून वर्गात औषधी वनस्पती शिकवताना आधी ओळख आणि मग उपयोग, हा क्रम पाळावा.

मुलांकडून एक प्रयोग करून घेता येईल. दिवाळीनंतर वाळलेले फाके चिमट्याने गोळा करावेत. एक-दोन फाके फोडून भिंगातून बियांचे कप्पे पाहावेत. बाकीचे कोरडे ठेवून पुढच्या जूनमध्ये कुंडीत खुणा करून पेरावेत. कोणत्या फाक्यातून किती रोपे, कोणत्या दिवशी उगवली याची नोंद दसऱ्यापर्यंत ठेवावी. रोपांना फळे धरण्याआधी ती उपटावीत आणि उरलेले फाके जाळून टाकावेत. नाहीतर पुढची काही वर्षे शाळेच्या अंगणात हाच धडा अनवाणी पायांनी गिरवावा लागेल.